गोळ्यात बसणाऱ्याचं काय?

आप्पा चंद्रावर जायच्या गोष्टीवरूनसुद्धा भांडायचे. दौंडहून कुरकुंभला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट त्यांची. यान सुटल्याची बातमी आली की कुणीतरी मोबाईल त्यांच्यापुढे धरायचं. आप्पा तो बाजूला सारत. "ही शिकल्याली मान्सं. पर ज्यानं पहिल्यांदा तिकडं जायाचं मनात आनलं, त्याच्याकडं काय व्हतं? तोफ! त्यो गोळ्यात बसूनच निघाला आसनार." आणि त्या गोळ्याची सफर सुरू व्हायची.

आप्पा आमच्या कारखान्यात फिटर होते. घर कासुर्डीचं. वडिलांनी मेंढरं राखली, आप्पांनी पाना धरला. त्यांची तोफ म्हणजे माळावर खणलेली साठ परस खोल विहीर, आतून बिडाचं अस्तर. तळाशी दारू, दारूवर गोळा, गोळ्यात दोन माणसं आणि एक मेंढी. मेंढी कशाला, असं मी विचारलं. "दूध नगं व्हय? आन् जीव बी रमतो." पहिल्या दणक्याला हाडं मोडू नयेत म्हणून आत चहूबाजूंनी लोकर ठासलेली. "बाहेरचे बत्ती लावून टाळ्या पिटनार. गोळ्यात बसनाऱ्याचं काय?" हे विचारताना त्यांच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. बत्ती लावणारा समोरच बसलाय असं वाटायचं.

मी तेव्हा सेफ्टी ऑफिसर, अगदी नवा. एकदा त्यांनी मलाच पेचात धरलं. "सायेब, हवा भरून घिऊ, पर सोडल्याल्या श्वासाचं काय? त्यो आतच फिरनार न्हवं?" चुना तो शोषून घेतो, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी गोळ्यात चुन्याची पोती चढली होती. आमची दोस्ती तिथून.

मग तो दिवस आला. एक मोठी टाकी साफ करायची होती. तिच्यात नायट्रोजन सोडलेला असायचा; त्यात माणूस दोन श्वासांत गुदमरून पडतो. तो काढायचा, मीटरनं हवा तपासायची, मगच माणूस उतरवायचा, असा नियम. मीटर माझ्या ताब्यात. वरून फोन आला, "आज टाकी पाहिजे म्हणजे पाहिजे." मी खुर्चीत बसून, चहा पीत, टाकीत उतरायच्या परमिटवर 'हवा तपासली' या रकान्यापुढे सही ठोकली.

खाली मुन्ना, बिहारकडचा कंत्राटी कामगार, कमरेला पट्टा बांधून उभा होता. आप्पा टाकीच्या तोंडावर मांडी घालून बसले. सुपरवायझर ओरडला, "उठा आप्पा, दहा मिनिटांचं काम हाय!"

"मरायला तेवढी बी लागत न्हाईत. मीटर आना!"

मला बोलावणं आलं. मी पोचताच आप्पांनी परमिटचा कागद माझ्या छातीवर दाबला. "ही सही तुमची? कवा तपासली हवा? बोला की!"

मी मीटरची नळी आत सोडली. मीटर किंचाळायला लागलं. मुन्नानं हळूच पट्टा सोडला.

आप्पांना त्याचं बक्षीस काय मिळालं? काम बंद पाडलं, अधिकाऱ्याला शिवीगाळ केली, म्हणून चौकशी. मीटर किंचाळलं ते कुठल्याच कागदावर नव्हतं. मला साक्षीला बोलावलं. दोन सरळ वाक्यं बोलायची होती. मी म्हणालो, "परमिट देताना तपासणी झाली होती का, नक्की आठवत नाही." आप्पांची नोकरी गेली, माझी पक्की झाली. त्या खोलीत बसलेल्यांचा मला आजही संताप येतो, आणि सगळ्यात जास्त येतो तो माझाच.

महिन्याभरानं कासुर्डीला गेलो. आप्पा कांद्याला पाणी देत होते. "माफ करा," म्हणालो. त्यांनी फावडं मातीत रोवलं आणि पहिल्यांदाच मला अरेतुरे केलं. "माझी कशाला मागतो? मी थोडाच उतरनार व्हतो? मुन्नाला जाऊन सांग, हवा न तपासता सही केली व्हती म्हनून. सांगशील?"

"सांगतो."

"कवा?"

मी बांधावर काढलेली चप्पल पायात सरकवली.

"मंग जा. त्याला सांगितल्याबिगर हितं पाय ठिवू नगं."

मी गेलोच नाही. ना मुन्नाकडे, ना कासुर्डीला. यंदा आप्पा वारले, तेही मला बसमध्ये दुसऱ्याकडून कळलं. दहाव्याला जायचं तोंड नव्हतं. त्या दिवशी मी रांजणगाव गाठलं. मुन्ना आता तिथल्या एका कारखान्यात होता. शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर त्याला थांबवून सगळं सांगितलं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "मालूम था, साहब," तो म्हणाला. "आप्पा थे, तब बोलना था."

आणि तो बसमध्ये चढला.