येळवशीला गाडी हलली नाही

माझी शाळा चौथीपर्यंतची. लिहायची सवय नाही. बायको गेल्यापासून बोलायला माणूस उरलं नाही, म्हणून लिहितो. मुलगा आहे, सून आहे. पण त्यांच्याशी बोलणं म्हणजे जेवलो का आणि गोळी घेतली का, तेवढंच.

अंगावरून वारं गेलं आणि तिची उजवी बाजू गेली. जीभ राहिली. ती आधीपासूनच तिखट होती, आजारपणात आणखी तिखट झाली. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, त्यामुळं ट्रॅक्टर, मोटारसायकल, कशाचाच दणका तिला सोसायचा नाही.

मुलगा लातूरला लग्नाच्या एका लॉनवर बागेचं काम बघतो. तिथं नवरानवरीला मंडपात आणायला बॅटरीवरची गाडी होती. चार सीट, वर छत, बाजू उघड्या. मोठे लोक गोल्फ खेळायला वापरतात म्हणे तसली. लॉनवाल्यानं नवी घेतली आणि जुनी भंगारात काढली, ती मुलानं गावाकडं आणली. दांड्यांना प्लास्टिकची फुलं तशीच होती. पहिल्यांदा आत गादी टाकून बसवलं तेव्हा ती म्हणाली, "आवो, लग्नात तुमच्या बापानं बैलगाडीत आणलं. आता मरतानी वरात काढली व्हय?" गाव त्या गाडीला वरातीची गाडी म्हणायला लागलं. हिला घराबाहेर पडायला तेवढं एकच साधन होतं.

आमच्या शिरूर अनंतपाळकडं येळवस दिवाळीपेक्षा मोठी. मार्गशीर्षातल्या अमावस्येला घरं ओस पडतात, सगळं गाव वावरात. कडब्याची खोप करायची, आत पूजा मांडायची. ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ म्हणजे आंबील. तिचं मडकं घेऊन पिकात शिंपडत फिरायचं, मागून बाकीच्यांनी ओलगे ओलगे म्हणून ओरडायचं. आमच्या घरात शिंपडायचं काम हिचं. नवी नवरी होती तेव्हापासून कधी चुकलं नाही.

त्या वर्षी डॉक्टरनं मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की आता लई दिवस नाहीत. तिला कुणी सांगितलं नाही. पण ती काय खुळी होती? मला म्हणाली, "एवढी येळवस वावरात करून घेते. मंग काय व्हायचं ते हू दे." दुसरं काही मागितलं नाही.

येळवशीच्या सकाळी सुनेनं तिला न्हाऊ घातलं, इरकली लुगडं नेसवलं. आम्ही उचलून गाडीत बसवलं. मुलानं किल्ली फिरवली, पाय दाबला. गाडी जागची हलली नाही.

चार्जरची वायर काढायची राहिली की ही गाडी चालत नाही, म्हणून आधी ती बघितली. काढलेली होती. पुढं-मागं करायचा खटका मागं केला, पुढं केला. किल्ली काढून परत घातली. मुलगा खाली उतरून ढकलायला लागला तशी ही म्हणाली, "आरं बैल हाय का ती, ढकलल्यावर चालायला?"

लातूरच्या मिस्त्रीला फोन लावला. हा बॅटरीवरच्या रिक्षा दुरुस्त करतो. पण येळवशीला मिस्त्री लातुरात कशाला थांबतोय? तो औशाकडं त्याच्या वावरात. फोनमध्ये त्याच्याकडच्या माणसांचा कालवा ऐकू येत होता.

"काका, आज तर देव बी वावरात हाय," तो म्हणाला. "मी येत न्हाई. काय होतंय ते सांगा."

"काहीच होत न्हाई. तेच तर सांगायलोय."

"पाय दाबल्यावर शिटाखाली टक वाजतंय का?"

मुलानं पाय दाबला, मी कान लावला. काही वाजलं नाही.

"मंग शिटाखालचा काळा डबा बघा. करंट त्यातनं पुढं जातो. वायरी सुटल्या असतील."

सीट उचलायची म्हणून हिला परत उतरवून खुर्चीत बसवलं. उचलताना तिनं दात आवळले, पण ओरडली नाही. सीट वर केली आणि आंबूस वास नाकात शिरला. बॅटऱ्यांच्या मधे आंबिलीचं मडकं होतं. वरचं फडकं सुटलेलं. फसफसून आंबील खाली उतरलेली, काळ्या डब्यावर, वायरींवर, चार्जरवर. पांढरा थर धरलेला.

मी सुनेकडं बघितलं. तिचं माहेर हिमायतनगरकडं. तिकडं येळवशीचं एवढं नसतं. ती रडायलाच लागली. "मामा, आत्याबाईच म्हणल्या. थंडी लई हाय, आंबील आंबंना, गाडी चार्जिंगला लावल्यावर शिटाखाली गरम असतंय, तिथं ठेव म्हणल्या."

"तिला बोलू नगा," ही खुर्चीतनं म्हणाली. "मीच सांगितलं. चुलीपाशी ठेवली असती तर तुमच्या मांजरानं सांडली असती."

मी मडकं उचलून बाहेर काढलं.

मिस्त्रीला सांगितलं तर तो आधी हसला. मग त्याला कळलं की म्हातारीला न्यायचंय, तसा नीट सांगायला लागला. म्हणाला, बॅटरीच्या वायरी सोडा, डबा काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, उन्हात वाळवा. घाई करू नका. आणि चार्जर रात्रीच बंद पडला असंल, बॅटरी पुरती भरलेली नसंल. लांब नेऊ नका.

आम्ही बापलेक त्याला लागलो. रस्त्यानं माणसं वावराकडं चालली होती, डोक्यावर पाट्या, पोरं पुढं पळत होती. एकजण म्हणाला, "काय काका, वरात आडली का?" मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेजारचे चौघं आले आणि म्हणाले खाटेवर घालून उचलून नेतो. ही म्हणाली, "चौघांनी उचलायची येळ यायची हाय अजून. आज बसून जाणार." ते खाली बघून निघून गेले.

सुनेला आणि नातवंडांना पुढं पाठवलं. पूजा वेळेत व्हायला पाहिजे. मडक्यात तळाला राहिलेली आंबील गडव्यात ओतून ही मांडीवर घेऊन बसली. ऊन डोक्यावरून गेलं. डबा परत बसवला. पाय दाबला, टक वाजलं, गाडी हलली. मुलानं टाळी वाजवली. ही म्हणाली, "टाळ्या नंतर. बसव मला."

मी म्हणालो, मिस्त्रीनं लांब नेऊ नका सांगितलंय. ती म्हणाली, "त्याची बायको वावरात हाय का न्हाई? मंग त्याला काय होतंय सांगायला."

निघालो. पांदीच्या वाटेला लागेपर्यंत बरी चालली. पुढं चढ आहे. तिथं गाडी गोगलगाईसारखी झाली आणि थांबली. आमचं वावर तिथून दिसतं. खोप दिसत होती, सुनेचं लुगडं दिसत होतं. तेवढंच राहिलं होतं, पण तेवढं तिला चालता येत नव्हतं. मुलगा म्हणाला, "माय, पाठीवर घेतो." तिनं नको म्हणून मान हलवली. सकाळपासून तीनदा उचललं होतं, पाठीचं रगत लुगड्यावर आलं होतं.

गाडीच्या बाजूला दुसऱ्याची ज्वारी होती. तिनं डावा हात गडव्यात घातला आणि त्या ज्वारीवर आंबील शिंपडली. ओलगे म्हणायला तिथं आम्ही बापलेकच. मी म्हणालो. मागून मुलगा म्हणाला.

बाकीच्या वावरांतून माणसं जेवायला बोलवायला आली, भाज्या-शेंगांची भज्जी आणि बाजरीचे उंडे घेऊन आली. तिनं बोटभर चाटलं. दिवस मावळायला आला तसा शेजाऱ्यानं ट्रॅक्टर आणला, दोर बांधला. पुढच्या चढाचा दणका तिला सोसला नसता, म्हणून घराकडंच हळू ओढायचं, मुलानं मागून धरायचं, असं ठरलं.

येळवशीला तिन्हीसांजेला गवताचा पलिता पेटवून वावराभोवती पळतात, त्याला हेंडगा म्हणतात. आजूबाजूला हेंडगे पेटायला लागले. ती मान वळवून बघत होती.

"आपल्या वावरात पेटला का?"

"न्हाई," मी म्हणालो. "पोरगं गाडी धरून राहिलंय."

"मंग सोडा की त्याला. गाडी काय पळून जायलीय का?"

मुलगा पळाला. ट्रॅक्टर थांबवून ठेवला. थोड्या वेळानं आमच्या वावरात जाळ दिसला. बांधाच्या कडेनं फिरत गेला, खोपीमागं गेला, परत दिसला. पूर्ण वेढा झाला. जाळ विझेपर्यंत ती बघत राहिली. मग म्हणाली, "चला आता."

वावरात ती पोचली नाही. पौष संपायच्या आत गेली.