धुऱ्यावरची तरवड

अकोल्याहून भाचा आला तेव्हा मी गोठ्यात बैलांची शिंगं तासत होतो. पोळा तोंडावर आला होता. भाचा दारात उभा राहिला, आत आला नाही. मी म्हटलं, "काय गा, एकटाच? मामी कशी आहे?" तो गोठ्याच्या खांबाला हात लावून नुसता खाली पाहत राहिला... मला समजलं. मी हातातलं खाली ठेवलं, बैलांना पाणी दाखवलं आणि त्याच्यासोबत सडकेवर मोटर पकडायला निघालो. गावात कोणी कोणी बोललं म्हणे की बायको गेल्याचं ऐकून याला बैलाचं पाणी कसं सुचलं. आता बैल तहानलेले होते, त्याला मी काय करू?

दोन दिवस आधीच मी अकोल्याच्या दवाखान्यातून, तिच्याजवळून, गावी आलो होतो. निघताना ती म्हणाली, "मले घरी घेऊन चाला जी. इथं भिंत पाहून पाहून डोये दुखून राहिले." मी म्हटलं, "डॉक्टरले इचारतो." तिनं तोंड फिरवलं. रुसली की झोप लागली, ते मला आजवर कळलं नाही. भाच्याचं घर जुन्या शहरात आहे. तिथून तिला मोर्णा नदीकाठच्या मसणात पोचवली. घरी काही आणता आली नाही.

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. जन्मभर "अवं" म्हणत आलो आणि ती "काय जी" म्हणत आली. आता घेतो. तिचं नाव अनसूया. माहेर शेंदूरजनाघाटचं, संत्र्यांच्या मुलखातलं. आमच्या काळ्या रखरखीत रानात आली तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात म्हणाली होती, "तुमच्या गावात सावली इकत मियते काय?"

आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तरवड आहे. शहरातल्या माणसाला तरवड आणि तरोटा एकच वाटतो. तसं नाही. तरोटा पावसात उगवतो आणि पाऊस गेला की मरतो. तरवड मरत नाही. कमरेएवढं झुडूप, बारीक पानं, वर पिवळ्याधमक फुलांचे तुरे, मग चपट्या शेंगा. ढोरं तोंड लावत नाहीत. धुरा मोकळा दिसावा म्हणून मी एका साली कुदळ घेऊन ती खणून काढली. पुढच्या साली तिथंच पुन्हा आली, जास्तच दाट. मी पुन्हा कुदळ उचलली तर ही भाकरीची टोपली घेऊन धुऱ्यावर उभी. म्हणाली, "राहू द्या तिले. तुमच्या मायनं बी मले असंच काढाले पाह्यलं होतं. निंगाली काय मी?"

हे बोलणं मला लागलं, कारण खरं होतं. आम्हाला लेकरू झालं नाही. माझी आई माझ्या मागं लागली होती की दुसरी कर. मी केली नाही. त्यात माझा काही मोठेपणा नाही, मला दुसरी नकोच होती. पण आई तिला येता जाता बोलायची, आणि ती चुलीपुढं बसून ऐकायची. तेव्हापासून मी तरवडीला हात लावला नाही.

आमच्याकडं भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मातीच्या भुलाबाई-भुलोजी, ज्वारीच्या धांड्यांचं मखर, आणि रोज दिवस बुडताना गल्लीतल्या पोट्ट्या जमून गाणी म्हणतात. गाणी झाली की झाकलेला डबा वाजवायचा आणि आतला खाऊ ओळखायचा. एका साली, सन पन्नासच्या पुढचंच ते साल, ही ताटभर तरवडीची फुलं घेऊन शेजारच्या गोदूबाईकडं गेली. गोदूबाईला तीन पोरी, म्हणून भुलाबाई तिच्या घरी. गोदूबाई उंबऱ्यातच म्हणाली, "माय, ज्याच्या घरी लेकरू नाही त्याच्या हातचं फूल भुलाबाईले चालत नाही." ही ताट घेऊन तशीच परत आली. रडली नाही. दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून मूर्ती आणल्या आणि आपल्याच घरी भुलाबाई बसवली. भोवती सगळी तरवड लावली, मखर दिसत नव्हतं इतकी.

कोणी आलं नाही. दिवस बुडाला, हिनं दिवा लावला आणि एकटीच गाणी म्हणायला लागली. त्या गाण्यांत एकीनं विचारायचं असतं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं असतं. ही दोन्ही बाजू आपणच म्हणत होती. मी ओसरीवर बसलो होतो. मग डबा घेऊन माझ्यापुढं आली.

"ओयखा."

"मी काय पोट्टी आहो?"

"दुसरं कोण आहे घरात? ओयखा ना जी."

मी म्हटलं, "फुटाणे."

"चुकले."

तिनं झाकण काढलं. आत खडे होते. म्हणाली, "खाऊ कोनासाठी करू?"

मी उठून गोठ्यात गेलो. मला ते बघवलं नाही.

तीन-चार दिवस असंच गेलं. मग गोदूबाईचीच धाकटी शांती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मावशी, आमची भुलाबाई तं झेंडूची हाय. तुमची सोन्याची हाय." हिनं तिला आत ओढलं. त्या दिवशी घरात खाऊ काहीच नव्हता, भाकरीवर गूळ ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी शांतीच्या मागं दोघी आल्या, कोजागिरीपर्यंत ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. गोदूबाई पोरींना ओढून न्यायला यायची आणि हात हलवत परत जायची. त्यानंतर दरसाल भुलाबाई आमच्याच घरी. मी वावरातून आलो की ओसरीवर पोट्ट्या बसलेल्या असत, मला बसायला जागा नसे. मी कुरकुर करायचो. ही म्हणायची, "तुम्ही गोठ्यात बसा. बैल काही म्हणत नाहीत."

यंदा ती पोळ्याआधी गेली. दुःखाचं घर, सालभर सण नाही. भादव्याची पुनव झाली तशी गोदूबाई आली. आता तीही थकली आहे. म्हणाली, "भाऊजी, भुलाबाई माह्या घरी बसवली."

"बसव."

"फुलं पाहिजे होती. तरवडीची. पोट्ट्या झेंडूले हात लावून नाही राहिल्या."

मला राग आला. म्हटलं, "तिच्या हातचं तुले चालत नव्हतं ना?"

गोदूबाई खाली मान घालून म्हणाली, "तवा चालत नव्हतं जी. आता तो हात बी नाही राह्यला."

मी म्हटलं, "जाय. पाहू." आणि दार लावून घेतलं.

ती असती तर तिनं फुलं दिली असती, असं मी म्हणणार नाही. ती काही देवी नव्हती. चांगली भांडखोर होती आणि बोललेलं विसरत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी वावरात गेलो तर धुरा असा पिवळा झालेला... फुलं तोडली नसती तर तिथंच सुकली असती. त्यात अनसूयेचं काय भलं होतं? मी दुपारीच तोडली, चांगली फुललेली पाहून पाहून, आणि शेल्यात बांधून सांजेला नेली. गाठ सोडली तर नुसत्या पाकळ्या, सगळ्या मऊ पडलेल्या. पोट्ट्या हसायला लागल्या. "आजोबा, भुलाबाईले टकली केली तुमी!" त्यातली एक लहानी मला समजावून सांगायला लागली, "आजी कळ्या आणे जी. त्या इथं येऊन फुलत."

इतकी वर्षं ती तरवड डोळ्यांपुढून घरात येत होती, आणि ती कळ्या आणते हे मी पाहिलं नव्हतं.

मग रोज दिवस उतरल्यावर कळ्यांचे तुरे तोडायचे आणि गोदूबाईच्या ओट्यावर ठेवायचे, असं सुरू झालं. ती म्हणायची, "बसा ना भाऊजी." मी बसलो नाही. पोट्ट्यांच्या गाण्यांत म्हाताऱ्याचं काय काम? घरी येऊन ओसरीवर बसायचो. भिंतीपलीकडून गाणी ऐकू यायची. आता ओसरीवर जागाच जागा आहे.

कोजागिरी झाली, भुलाबाई उठली. कापसाची वेचणी लागली आहे. भाचा म्हणतो, "मामा, अकोल्याले चाला, एकटे काय करता?" मी म्हणतो, "येतो गा, कापूस घरी येऊ दे." खरं म्हणजे जायचं मनात नाही. काल वेचणीवरून येताना हातानं आपोआप तुरे तोडले. गोदूबाईच्या ओट्यापर्यंत गेलो तेव्हा ध्यानात आलं की आता तिथं कोणी बसत नाही. ओटा नुकताच सारवला होता. मी तुरे तसेच घरी आणले आणि पाण्याच्या तांब्यात घालून चुलीजवळ ठेवले. ती बसायची त्या बाजूला. सकाळी पाहिलं तर कळ्या उमलल्या होत्या.

आज पुन्हा तोडून आणले आहेत. कोणासाठी, ते तोडताना काही ठरवलं नव्हतं.