कारभारी वायरमनच्या लेकीचा तपास

केजजवळच्या वस्तीवर कारभारी वायरमन खांबावर विजेला चिकटून गेला, तेव्हा त्याची लेक पंचशीला नऊ वर्षांची होती. तो वर काम करत असताना शेजारच्या शेतातल्या हनुमाननं आपली पाण्याची मोटार लावायला डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीचं, हँडल टाकून लाईन चालू केली, एवढंच तिला ठाऊक. तिची आई चतुराबाई अकरा वर्षं हनुमानला घालूनपाडून बोलत आली. लेकीनंही तोच राग धरला.

आता ती संभाजीनगरला विमानदुरुस्ती शिकते. मागच्या महिन्यात कॉलेजनं मैदानावर भंगार विमानाचे तुकडे पांगवले, मास्तरांनी वाचलेल्या पायलटचं सोंग घेतलं आणि पोरांना म्हणाले, हे पडलं कसं ते शोधा. पोरं कसली शहाणी! दहा मिनिटांत पायलटला दोषी ठरवून मोकळी. पंचशीला मात्र चिवट. विमानाच्या दुरुस्तीचं काम अर्धवट होतं आणि तसं सांगणारी पाटी काच पुसणाऱ्यानं काढून ठेवली होती, हे तिनं हुडकलं. मास्तरांनी पाठ थोपटली, पण तिला खांबावर गेलेला बाप आठवला. आबांच्या कामाची पाटी कोणती होती?

सुट्टीत ती वही घेऊन तडक हनुमानच्या शेतात गेली.

"काका, त्या दिवशी डीपीवर काय होतं, तेवढंच सांगा."

"कारभारी काम करताना हँडलाला टॉवेल टांगायचा. टॉवेल हाय म्हंजी हात लावायचा न्हाई. त्या दिवशी न्हवता."

"मग गेला कुठं?"

"कशापायी जुनं उकरतीस, पोरी?"

तिनं वही मिटली नाही. तेव्हा तो खालमानेनं बोलला, "दुसऱ्या दिवशी भीमजयंती. तुझी आई भाकर घिऊन आलती, जाताना टॉवेल धुण्याला घिऊन गेली. कारभारीला घरी आणलं तवा त्यो तुमच्या दोरीवर वाळत होता. कशापायी टांगत्यात ते तिला ठावं न्हाई. तिला सांगू नगंस. म्या शिव्या खाल्ल्या तर काय बिघडलं?"

पंचशीला तिथंच बांधावर बसून रडली. या माणसापुढं तिला स्वतःची लई लाज वाटली.

चतुराबाई चुलीपुढं होती. "कुठं गेलतीस?"

"हनुमानकाकाकडं. आई, त्यांची चूक न्हवती."

"मग कुणाची?"

तोंडापर्यंत आलेलं पंचशीलानं गिळलं. "कुणाचीच न्हाई."

"कुणाचीच न्हाई, आन् माझा माणूस मेला व्हय? तूबी त्याच्याच बाजूची झालीस." चतुराबाई भाकर तव्यावरच सोडून उठून गेली.

पंचशीला संभाजीनगरला परतून पंधरा दिवस झाले, आई लेकीचा फोन उचलत नाही. पंचशीला रोज लावते.