बायको देवाबरोबर फिरायला जायची

माझ्या बायकोने माझ्याबरोबर संध्याकाळी फिरायला येणं बंद केलं, तेव्हा मला आधी वाटलं की तिचे गुडघे दुखत असतील.

आम्ही अंधेरी पूर्वेला एका जुन्या ख्रिस्ती गावठाणात राहतो. चारी बाजूंनी टॉवर आणि काचेची ऑफिसं उभी राहिली. मधे आमची थोडी घरं आणि गल्लीच्या तोंडाशी असलेला क्रूस एवढं उरलं. घराच्या खालच्या मजल्यावर माझा मोठा भाऊ आणि वहिनी, वर आम्ही दोघं. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. मी एका खासगी कंपनीत स्टोअर सांभाळायचो. निवृत्त झालो आणि आमचा नेम ठरून गेला. संध्याकाळी चहा घ्यायचा, पालिकेच्या बागेपर्यंत चालत जायचं, दोन-तीन फेऱ्या मारायच्या, येताना पाव घेऊन यायचे. ती बोलायची, मी ऐकायचो. माझ्या दिवसात तेवढीच एक वेळ होती जिची मी सकाळपासून वाट बघायचो.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या चर्चमध्ये वसईकडच्या एक सिस्टर आल्या. बुधवारी संध्याकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर हॉलमध्ये त्या मराठीतून शिकवायच्या. बायको जायला लागली, म्हणून पहिल्यांदा मीही गेलो. सिस्टर ठेंगण्या, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. त्यांनी बायबलच्या सुरुवातीच्या त्या बागेची गोष्ट घेतली, जी मी लहानपणापासून ऐकत आलोय.

"देवाने माणसाला कामाला जुंपायला घडवलं नाही," त्या म्हणाल्या. "सोबतीला घडवलं. संध्याकाळचा वारा सुटला की तो स्वतः बागेत यायचा. मग ती पहिली दोन माणसं चुकली आणि झाडांआड लपली. आपण म्हणतो, बाग गेली. बागेचं काय एवढं? त्याच्याबरोबरचं रोजचं चालणं गेलं, ते खरं नुकसान."

मग त्या अधिकाराकडे वळल्या. देवाने माणसाला सगळ्या सृष्टीवर अधिकार दिला होता, तो त्या लपण्यात गेला. आपण ज्याला भितो, त्याच्या हातात आपला अधिकार देऊन बसतो. ख्रिस्ताने क्रूसावर दोन्ही परत मिळवून दिलं. "पण आधी सोबत, मग अधिकार," असं त्यांनी बोट वर करून सांगितलं. "सोबत सोडून नुसता अधिकार मागाल, तर ती दादागिरी होईल."

मला ते पटलं. घरी आलो, जेवलो आणि विसरून गेलो. बायकोने मात्र ते मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी चहा झाला, मी चपला घातल्या, तर ती दारात उभी राहून ओढणी नीट करत होती. म्हणाली, "अरे, आज मी एकटी जाऊ?"

"एकटी? का?"

"एकटी म्हणजे…" ती थांबली. लग्नाआधी पहिल्यांदा तिला बघायला गेलो होतो, तेव्हा ती अशी जमिनीकडे बघून बोलली होती. "म्हणजे त्याच्याबरोबर. बघते जमतं का."

मी चपला काढल्या. मला वाटलं, चार दिवस करेल आणि सोडून देईल. तिने योगासनं अशीच सोडली होती, केकचा क्लासही. पण ईस्टर झाला, मे महिन्यातली क्रूसाजवळची रोझरीची प्रार्थना झाली, पावसाळा आला, तरी ती छत्री घेऊन जातच होती. मी बाल्कनीत बसायचो. ती परत यायची तेव्हा तिचा चेहरा, कसं सांगू, माहेरी चार दिवस राहून आल्यासारखा असायचा.

"काय बोलता तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"असंच. दिवसभरातलं."

"मला पण सांगायचीस की दिवसभरातलं."

"तुला सांगतेच ना," ती म्हणाली आणि पाव डब्यात भरू लागली. ती सांगायची हे खरं. पण मला आता आधीच कुणाला तरी सांगून झालेलं ऐकायला मिळत होतं.

एकदा मी तिच्या मागून गेलो. बागेच्या कठड्याला, रिक्षा उभ्या असतात तिथे, थांबलो. ती आतल्या वाटेवरून चालत होती, हळूहळू, वाटेच्या एका कडेने, बाजूला कुणासाठी तरी जागा ठेवून चालतो तशी. ओठ हलत होते. वळणावर ती थांबली आणि हसली. तोंड दाबून हसत नव्हती, चांगली मोकळी हसली, शेजारून धावणाऱ्या पोरीने वळून बघितलं इतकी. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला हसवलं नाही असं नाही. पण असं हसवलं होतं का, ते मला आठवेना. मी रिक्षाने घरी आलो. एवढ्याशा अंतराला रिक्षा केली, कारण ती यायच्या आत मला घरात असायचं होतं. दुसऱ्या कुणा पुरुषाबरोबर तिला बघितलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

मग ते पाण्याचं झालं. आमच्या घराची मोटर खाली भावाच्या ताब्यात. भाऊ आमच्या गल्लीतला दरारा असलेला माणूस. तो ओट्यावर बसला की पोरं क्रिकेट थांबवायची. बायको लग्न होऊन आल्यापासून त्याला घाबरायची. तो ओट्यावर असला तर ती मागच्या जिन्याने उतरायची. वर पाणी चढलं नाही की मला म्हणायची, "तू जा ना खाली, दादांना सांग." मी जायचो, सांगायचो, तो दोन दिवस ऐकायचा, मग पुन्हा तेच. सांगायची गोष्ट म्हणजे, मला ते खाली जाणं आवडायचं. ती वर दारात उभी असायची, मी तिच्यासाठी खाली जायचो.

त्या सकाळी वर नळ कोरडा होता. मी दाढी करत होतो. ती मला काही न बोलता पुढच्या जिन्याने खाली गेली. मी गालावर साबण तसाच ठेवून कठड्याशी आलो.

"दादा," ती म्हणाली, "सकाळी अर्धा तास मोटर आमच्यासाठी पण चालू ठेवा. वर पाणी येत नाही."

भावाने पेपर खाली केला. "मग तुझ्या नवऱ्याने यायचं ना सांगायला."

"तो आला होता खूप वेळा. आज मी आले."

तिचा आवाज चढला नाही, कापलाही नाही. भावाने पेपरची घडी घातली. मग वहिनीला हाक मारून म्हणाला, "मोटर लाव गं." ती वर आली, बादली नळाखाली ठेवली. मला म्हणाली, "साबण वाळला तुझा."

मला आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. रोज पाणी यायला लागलं आणि मला खाली जायचं कारण उरलं नाही.

हळूहळू लोक तिच्याकडे यायला लागले. समोरच्या चाळीतली मालवणची बाई, हिंदू, तिच्या मुलीला परीक्षेच्या आधी उलट्या व्हायच्या. ती मुलीला घेऊन आली. बायकोने तिला खिडकीत बसवलं, डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "तू त्या पेपरापेक्षा मोठी आहेस." मग देवाजवळ दोन वाक्यं बोलली. मुलगी परीक्षेला गेली. पास झाली, फार मार्क नव्हते. पण उलट्या थांबल्या. नंतर आणखी बायका आल्या. मी दार उघडायचो आणि त्या माझ्या खांद्यावरून आत बघत विचारायच्या, "ताई आहेत?" रविवारी चर्चमध्ये वाचन मी करतो, कॉयरमध्ये तरुणपणापासून मी गातो, माझ्या आजोबांनी गल्लीतला क्रूस दुरुस्त करून घेतला. देव आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होता. आणि तो बोलायचा तिच्याशी.

शेवटी मी सिस्टरांकडे गेलो. त्या हॉलच्या मागे खुर्च्या एकावर एक लावत होत्या. मी म्हटलं, "सिस्टर, तुमच्या त्या शिकवणीने माझ्या घरात अडचण झालीय."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे हसल्या नाहीत, त्याबद्दल मी अजून त्यांचा आभारी आहे. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला हेवा वाटतो."

"हो."

"कुणाचा? तिचा की त्याचा?"

ती त्याच्याबरोबर जाते म्हणून त्याचा राग, की तो तिच्याबरोबर येतो म्हणून तिचा? घरापासून तिथपर्यंत चालत आलो तेव्हा मला वाटत होतं की मला नक्की माहीत आहे.

"ठरलं की त्यालाच सांगा," सिस्टर म्हणाल्या. "मला सांगून काय होणार? मी तुमच्या मिसेसना फिरायला नेत नाही." आणि माझ्या हातात दोन खुर्च्या दिल्या.

मी त्याला काही सांगितलं नाही. घरी गुडघे टेकले की पाठ असलेल्या प्रार्थना तोंडून आपोआप यायच्या. त्यांच्यात असलं काही घुसवायला जागाच नव्हती.

दिवाळीच्या सुमारास भावाच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी बायपास सांगितलं. हॉस्पिटलची सगळी धावपळ मी केली. रिपोर्ट, रक्त, विम्याच्या खिडकीसमोरची रांग, वहिनीला घरून आणणं-नेणं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी त्याच्यासाठी सूप घेऊन गेलो. त्याने दोन चमचे घेतले, वाटी बाजूला केली आणि म्हणाला, "तू घरी जा. तिला पाठव."

"वहिनीला?"

"नाही रे. तुझ्या बायकोला."

मी तिला फोन केला. ती रिक्षाने आली, केस ओलेच होते. मी पडद्याजवळ उभा राहिलो. जा म्हणाला होता, पण मी गेलो नाही.

ती त्याच्या उशाशी उभी राहिली. "दादा, भीती वाटते का?"

"हो," भाऊ म्हणाला.

तो माझ्यापेक्षा मोठा. आयुष्यात हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. आमचा बाप गेला तेव्हाही नाही.

तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. "येशूच्या नावाने सांगते, भीती, तू ह्यांना सोड. हे देवाचे पुत्र आहेत." भाजीवाल्याला ही कोथिंबीर बदलून दे म्हणते, त्याच आवाजात. भावाने डोळे मिटले. त्याच्या कानाकडे पाणी ओघळलं आणि तिने ते पदर नसल्यामुळे तळहाताने पुसलं.

मी बाहेर आलो. कॉरिडॉरच्या टोकाला पाण्याचा कूलर होता, त्याच्यासमोर उभा राहिलो आणि मला आवरेना. मी पुटपुटत नव्हतो, चांगला बोलत होतो. "माझी बायको नेलीस. आता माझा भाऊ पण तिलाच बोलावतो. सूप मी आणलं, रांगेत मी उभा राहिलो. शेंबडा होतो तेव्हापासून मी तुझ्या दारात येतोय. माझ्याशी का नाही बोलत तू? तिच्यात काय आहे? मला कधी बोलावलंस संध्याकाळी?"

मागून कुणीतरी म्हणालं, "काका, झालं का?" एक माणूस रिकामी बाटली घेऊन उभा होता. मी बाजूला झालो. पण जिन्याने खाली उतरताना लक्षात आलं की इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी लपून न राहता त्याच्याशी बोललो होतो. आणि तो ऐकत नाही असं, भांडताना, मला एकदाही वाटलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. हल्ली बहुतेकांचं होतं, डॉक्टरही तेच म्हणाले. भाऊ महिन्याभरात पुन्हा ओट्यावर बसायला लागला. आवाज तोच. फक्त माझी बायको पुढच्या जिन्याने उतरली की तो पाय आत घेतो.

कूलरजवळचं मी बायकोला त्याच दिवशी हॉस्पिटलहून येताना रिक्षात सांगितलं. ती सीटवर माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तू भांडलास त्याच्याशी?"

"हो."

"माझ्यावरून?"

"तुझ्यावरून, दादावरून. सगळंच."

"मला वाटायचं, तुला माझं हसू येत असेल," ती म्हणाली. मला काय वाटायचं ते मी तिला तेव्हा पूर्ण सांगितलं. बागेच्या कठड्याचंसुद्धा.

माझा हेवा गेला असं मी म्हणणार नाही. तिच्यासारखी सोबत मला लाभलेली नाही. मला हसू येईल असं तो माझ्याशी काही बोलत नाही. पण सकाळी गच्चीवर कुंड्यांना पाणी घालताना मी त्याच्याशी बोलतो. बहुतेक तक्रारीच असतात. कधी कधी तक्रारी संपतात आणि आम्ही दोघं नुसते उभे राहतो. माझी धास्तीही थोडी कमी झालीय, मुलीचा फोन आला नाही की वाटायची ती.

परवा बायको कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर आली. मी बोलत होतो, तिला बघून गप्प झालो.

"काय बोलत होतास?"

"काही नाही. असंच."

"माझ्याबद्दल?"

"नाही गं. दुसरंच होतं."

"मला नाही सांगणार?"

"सांगेन कधीतरी," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता, वर्षभर दाढी करताना आरशात मी तोच बघत होतो. ती वळली, बादलीतली चादर उचलली आणि दोरीवर टाकण्याआधी नेहमीपेक्षा बरीच जोरात झटकली.