मामूंच्या पाठीवरची जुनी पट्टी

इस्पितळातून मामू गेल्याचा फोन आला तेव्हा मी खजुरातल्या बिया काढत बसले होते. पाच आठवडे झाले... उरलेला खजूर अजून तसाच बरणीत आहे. रत्नागिरीच्या खाडीकाठचे आमचे मामू आयुष्यभर इथे सौदीत, हुफूफ शहराच्या बाजारात अत्तरं विकत राहिले आणि आजार हाडांत उतरल्यावर इथल्याच आमच्या घरी राहायला आले.

दुखणं थांबावं म्हणून त्यांच्या पाठीवर औषधाची पट्टी लावावी लागे, दर तिसऱ्या दिवशी नवी. अफूच्या जातीचं जालीम औषध. जुनी काढूनच नवी लावा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या शुक्रवारी खजुराच्या बागेत जायच्या घाईत मी नवी लावली आणि जुनी काढायची विसरले. बागेत पाटाचं पाणी झुळझुळत होतं, मामू झावळ्यांच्या सावलीत आडवे झाले होते... किती शांत झोपलेत, असं मलाच वाटलं. मग त्यांचे ओठ निळसर दिसले. श्वास थांबून थांबून येत होता.

माझे यजमान रस्त्यावर धावले आणि गस्तीची गाडी घेऊन आले. पोलिसाने विचारलं, काही औषध घेतलंय का? यजमानांनी माझ्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, तुरुंग, मुलांची शाळा, सगळी भीती त्या नजरेत होती. मीही गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची लाज मला अजून वाटते. मग मीच मामूंचा सदरा वर केला. पोलिसाने दोन्ही पट्ट्या ओढून काढल्या आणि गाडीतला, अफूचा अंमल उतरवणारा फवारा त्यांच्या नाकात मारला. बराच वेळ काहीच नाही... मग मामूंनी खोल श्वास घेतला, डोळे उघडले. कपाळावर आठ्या.

"कशाला उठवलंस गो?" ते म्हणाले. "होडी आत्ता धक्क्याला लागत होती."

पुढे ते वर्षभर जगले. त्या दुपारी दिसलेली खाडी, भरतीचं संथ पाणी, पलीकडचे माड, हे सगळं ते आवडीने सांगत. मी रडून माफी मागितली, तर म्हणाले, चूक घरच्याच हातून व्हायची, परक्याचा हात पाठीपर्यंत पोचतो कुठे? आणि फ्रिजवर स्वतःच्या वळणदार अक्षरात एक कागद चिकटवला: 'आधी जुनी काढ.' दर वेळी पाठ करून बसले की विचारत, काढलीस? मी म्हणे, काढली, मामू.

काल यजमानांनी नवं कॅलेंडर आणलं. फ्रिजवर त्याच जागी बसेल, म्हणाले. मी ते घेतलं आणि कपाटात ठेवून दिलं. जुना कागद काढायला हात धजला नाही, मामू.