घरची वणा

माझ्या जिभेला हाड नाही. मी मास्तर होतो तेव्हा वर्गातल्या पोरांना ते माहीत होतं, बायकोला तर रोजच माहीत होतं. पण त्या जिभेनं मी माझ्या बापाचं काय केलं, ते आजवर कुणापाशी बोललो नाही.

हिंगणघाटच्या खाली, वणा नदीच्या काठी आमचं गाव. पूल नव्हता. पावसाळ्यात बाजाराच्या दिवशी बैलगाड्या काठाशी येऊन थांबायच्या आणि बाबांना बोलावणं यायचं. बाबा गुडघाभर पाण्यात उतरून ओंजळीत पाणी घेत. गढूळ असलं, काडीकचरा असला, तर वर कुठं तरी पूर निघाला समजायचं. निवळ असलं तर भ्यायचं काम नाही. बाबांनी 'घाला' म्हटलं की गाड्या पाण्यात जायच्या. त्यांना सही येत नव्हती, पण नदीच्या बाबतीत पाटीलही त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता.

छप्पन साली आपला मुलूख मुंबई राज्यात गेला आणि माझ्या साळ्याची बदली पार रत्नागिरीकडे, समुद्राकाठच्या एका खेड्यात झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बाबांना घेऊन तिकडं गेलो. समुद्र दिसताच बाबा पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, आपली वणा इथंच येऊन मिळते का? मी मास्तरकी दाखवली. म्हटलं, नाही, ती पार उलट्या बाजूच्या समुद्राला जाते. त्यांचा चेहरा जरा उतरला.

चार दिवस आम्ही हिंडलो. काजूच्या झाडांतून डोंगरावर चढणारी पायवाट, वाळूवर सुकत घातलेली मासळी, सकाळच्या न्याहारीला उकड्या तांदळाची पेज. पेज बाबांना आवडली, मासळीच्या वासाला मात्र ते धोतराचा सोगा नाकाला लावत. किनाऱ्यापासून दोनेकशे पावलांवर एक खडक होता, त्यावर शेंदूर लावलेला देव. ओहोटीला तिथं वाळूवरून चालत जाता यायचं. शेजारच्या म्हाताऱ्या कोळ्यानं आम्हाला बजावलं होतं, भरतीच्या आधी परत फिरायचं. बाबा हसले. पाणी काय त्यांना नवं होतं?

पाचव्या दिवशी बाबा एकटेच त्या खडकावर जाऊन बसले. चपला वाळूत काढून ठेवल्या. मी साळ्याबरोबर डोंगरावर गेलो. वरून सहज खाली पाहिलं. खडकाच्या मागून, किनाऱ्याच्या बाजूनं पाणी भरत होतं. बाबा समोर बघत निवांत बसलेले. मी ओरडलो, पण वाऱ्यात काय ऐकू जाणार! काट्याकुट्यांतून धावत मी खाली पोचलो, तोवर वाळूची वाट बुडाली होती आणि बाबा देवाला धरून उभे होते. मला पोहता येत नाही. कोळ्यानं होडी घातली. ती खडकाला लागेपर्यंत मी काय काय बोललो देवाला, माझं मलाच आठवत नाही.

बाबा होडीतून उतरले. चपला गेल्या होत्या. भोवती बायामाणसं जमलेली. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पाणी गढूळ नव्हतं रे. आवाजबी नाई केला त्यानं."

कुणी तरी फिसकन हसलं. माझी भीती फिरली आणि तिचा संताप झाला. सगळ्यांदेखत मी ओरडलो, "हे काय घरची वणा समजले काय? अक्कल हाय का नाई तुमाले?"

बाबा वाळूवरून घराकडं चालू लागले. परतीच्या साऱ्या प्रवासात बोलले नाहीत. नव्या चपला घेऊ म्हटलं तर मान हलवली. हिंगणघाटच्या फलाटावर ते अनवाणीच उतरले.

आखाडात बाजाराच्या दिवशी गाड्या काठाशी थांबल्या. माणसं घरी आली. बाबा ओट्यावर बसून होते, उठले नाहीत. चारचौघांसमोर शांतपणे म्हणाले, "माह्या पोराले न्या. तो शिकेल हाय. मी तं सारं पाणी घरची वणाच समजतो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी गेलो. काय करणार? पाण्यात उतरलो, ओंजळ भरली. पाणी निवळ होतं. पण पंधरा गाड्या, त्यात लेकरंबाळं, आणि सारे माझ्या तोंडाकडे बघतायत. माझी जीभ उचलेना. शेवटी म्हटलं, नका घालू. गाड्या परत फिरल्या, बाजार बुडाला. पूर काही आला नाही.

संध्याकाळी जेवताना माफी मागायची म्हणून मी शब्द जुळवत होतो. बाबांनीच विचारलं, "पाणी कसं होतं?"

"निवळ होतं."

"मंग घालाले पाह्यजे होत्या गाड्या," बाबा म्हणाले, आणि हात धुवायला उठले. ताटात अर्धी भाकर तशीच होती. त्यानंतर सहा पावसाळे जगले, पण नदीवर कधी गेले नाहीत.