काम निवू दे

बापूंच्या मुलाचा फोन आला तेव्हा लोखंड कातायच्या लेथवर काम चढलेलं होतं. "बाबा गेले..." एवढंच बोलला. मशीन बंद करून मी तिथेच स्टुलावर बसलो. त्याला आता पाच आठवडे झाले. मिरजोळ्याच्या आमच्या शेडमध्ये एकवीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी काम केलं, हातात कसब आलं ते त्यांच्यामुळे.

शेवटच्या, फिनिशिंगच्या कटाआधी बापूंचा एक नेम होता. मशीन थांबवायचं, चहा सांगायचा आणि पेला रिकामा झाला की पालथा हात कामावर ठेवून बघायचा. ऊब लागली तर पुन्हा गप्पा. तापलेलं लोखंड फुगतं, त्याचं माप खोटं. मी मायक्रोमीटर उचलला की ओरडायचे, "मेल्या, तव्यावरची भाकरी मोजतोस काय? निवू दे की!" अस्सा राग यायचा मला त्या चहाचा!

तीन वर्षांपूर्वी मिरकरवाडा बंदरातल्या एका तांडेलाच्या ट्रॉलरचा शाफ्ट बापूंच्या लेथवर होता. मासेमारीची बंदी उठायला दोनच दिवस उरलेले, तांडेलाचे फोनवर फोन. बापू जेवायला गेले आणि मला कुठली दुर्बुद्धी सुचली! गरम शाफ्टच मापला, जाड वाटला, कट मारून मोकळा झालो. सकाळी तांडेल आले तर निवून बारीक झालेला शाफ्ट बुशात, तो नेमका बसायच्या नळीत, खुळखुळतोय. ते शेठसमोर तोंडाला येईल ते बोलत सुटले. बापूंनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "माझा हात चुकला. नवा करून देतो."

मी तोंड उघडलं नाही. घरी लहान मुलं, नोकरी जाईल ही भीती... खरं सांगायचं तर भित्रेपणाच. शेठ म्हणाले, बापूंची नजर गेली. त्या दिवसापासून त्यांच्याकडे फक्त ओबडधोबड कापायचं काम, फिनिशिंग माझ्याकडे. अख्ख्या मिरकरवाड्यात तेच पसरलं, बापूंची नजर गेली. आणि ते रोज काम कापून माझ्याकडे द्यायचे, म्हणायचे, "घे, निवलंय." कधी टोमणा नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

काल तेच तांडेल दुसरा शाफ्ट करून घ्यायला आले. काम निवेपर्यंत मी चहा सांगितला. "बापूंचा हात सोन्याचा हो," ते म्हणाले, "शेवटी नजरेनं दगा दिला."

"नजर चांगली होती त्यांची. तो शाफ्ट मी बिघडवला."

त्यांनी पेला खाली ठेवला. "त्यांना ठाऊक होतं?"

"होतं."

ते उठून बापूंच्या बंद लेथपाशी जाऊन उभे राहिले. मी पालथा हात शाफ्टवर ठेवला. केव्हाच निवला होता, तरी मायक्रोमीटर उचलवेना.